भिंतीआधी चेहरे बघ

प्रिय चिमणे,



तुझा मेसेज आणि शेडकार्डांचे फोटो पोचले. घराची किल्ली हातात आली याचा आनंद आहेच. त्याहून मोठा आनंद याचा, की माझी ताई आता कायमची तुमच्याकडे राहायला येते आहे. जावईबापूंना भिंती राखाडी हव्यात, ताईला पांढऱ्याशुभ्र, आणि तुला या दोन्हींच्या मधला, घरात पाऊल टाकताच ऊब वाटेल असा शांत रंग हवा आहे. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली म्हणून निवाडा माझ्यावर सोपवलास. फोनवर ‘क्रीम लाव’ एवढं सांगून मोकळी झाले असते. पण क्रीम म्हणवणाऱ्या कितीतरी छटा दुकानात मिळतात, आणि न मानवणारी छटा एकदा भिंतीवर चढली की पुढची पाच-सात वर्षं तिच्यासमोरच जेवायचं आणि झोपायचं असतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र जपून ठेव आणि पेंटर आला की पुन्हा काढून वाच.

आधी निवाडा सांगते, कारणं मागाहून. तुझं मन ज्या रंगाकडे ओढ घेतंय तोच तुमच्या घराला योग्य आहे. साय, बिस्कीट, बदाम, वाळू, कोरं सुती कापड, या कुळातला, पिवळ्या-तांबड्या मातीची किंचित झाक असलेला फिका रंग घे. आणि त्या कुळातली नेमकी छटा ठरवताना एकच कसोटी लाव: त्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो?

रंग निवडताना सगळे भिंतीकडेच बघतात. पण भिंत आपल्यावर पडलेला उजेड नुसता दाखवत नाही, त्यातला बराचसा खोलीत परत फेकते, आणि फेकताना त्याला आपला रंग देते. तो उजेड समोरच्या भिंतीवर जातो, तिथून छतावर, छतावरून फरशीवर, आणि असा फिरत फिरत आपल्या कपाळावर आणि गालांवर उतरतो. प्रत्येक फेरीत भिंतीचा रंग त्यात थोडा अधिक मिसळतो. म्हणूनच चारही भिंती रंगवल्यावर रंग शेडकार्डावरच्या चौकोनापेक्षा गडद वाटतो, आणि खोली जितकी लहान तितका जास्त. दहा बाय बाराच्या खोलीत भिंती हिरव्या असतील तर धडधाकट माणूसही आजारातून उठल्यासारखा दिसतो. निळ्या भिंती आणि वर पांढरी ट्यूब असेल तर ओठांचा रंग उडतो. मातीची झाक असलेल्या फिक्या भिंतीवरून येणारा उजेड मात्र आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेला मानवतो, कारण त्वचेतही तांबडा आणि पिवळा अंशच अधिक असतो. घरात पाहुणे कधीमधी येतात, तुम्ही एकमेकांचे चेहरे मात्र रोज बघणार आहात. ताईचा चेहरा तुझ्या पिल्लूला आणि पिल्लूचा ताईला नितळ, टवटवीत दिसावा, याहून भिंतीकडून आणखी काय मागायचं?

हा रंग हॉटेलांतून आणि मासिकांतून आलेला आहे असं जावईबापूंना वाटत असेल, तर त्यांना एकदा अजिंठ्याला घेऊन जा. तिथल्या चित्रकारांचे बहुतेक रंग दगड-मातीचेच होते: पिवळी माती, तांबडी काव, हिरवी माती, चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पांढरा आणि काजळीचा काळा. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द तेवढा दूर देशातून यायचा. खडकाला आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू, त्यावर पांढरा पातळ थर आणि मग चित्र. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहून आजूबाजूच्या माणसांच्या अंगाचे रंग बघ. गोरे, सावळे, तांबूस, काळे, सगळे वर्ण एकाच भिंतीवर नांदतात, कारण मागची जमीन आणि पुढची माणसं एकाच मातीच्या रंगांनी घडली आहेत. माणसाच्या वर्णाला कोणती पार्श्वभूमी शोभते, हे त्या कलावंतांनी दीड हजार वर्षांपूर्वी पुरतं ओळखलं होतं.

आपल्या साध्या घरांतही हेच चालत आलं आहे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप देतात, त्यावर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. जिव्या सोमा म्हशे यांनी ती रेघ कागदावर आणली, ती जगभर गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती रेघ उठून दिसते ती मागच्या मातीच्या भिंतीमुळे. गोव्यात आणि तळकोकणात देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं. तिथे चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर देऊन तो कोरतात आणि खालची पांढरी नक्षी मोकळी करतात. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत पांढऱ्या मातीचा हात भिंतींवरून फिरायचा. या सगळ्या भिंतींपाशी सण झाले, बाळंतपणं झाली, म्हातारी माणसं टेकून बसली. उबदार भिंत ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे.

ताईच्या पांढऱ्याबद्दलही सांगायला हवं, कारण तिची आवड खोटी नाही. आमच्या लहानपणी दिवाळीआधी चुना भिजवायचे, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालायचे. नीळ घातल्यामुळे चुन्याचा पिवळटपणा झाकला जाई आणि भिंत लख्ख वाटे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, म्हणून ती भिंत टणक राही. पण ताईला सांग, ती पांढरी भिंत एकटी नव्हती. तिच्या पायाशी शेणाने सारवलेली जमीन होती, वर कौलं आणि सागवानी तुळया होत्या, अंगणातून आत येणारा उजेड तांबड्या मातीवरून येत होता. पांढऱ्याला ऊब द्यायला सगळं घर मदतीला होतं. तुमच्या फ्लॅटमध्ये फरशी पांढरी, छत पांढरं, ओटा चकचकीत, दिवे पांढरे. तिथे भिंतीही पांढऱ्या केल्या तर ऊब कुठून येणार? जे काम जमीन आणि तुळया करत होत्या ते आता भिंतीला करावं लागेल. ताईच्या मनातलं घर हवं असेल तर भिंतीला थोडी माती लागेल, एवढंच तिला समजावून सांग. ती मानेल.

जावईबापूंच्या राखाडीचंही उत्तर देते. तो रंग चांगला आहे, पण तुमच्या घराला जड जाईल. पुण्यात जून ते सप्टेंबर आभाळच राखाडी असतं. खिडकीबाहेर काँक्रीट, समोर काँक्रीट, आणि आतही तोच रंग आला तर पावसाळ्यातली दुपार संध्याकाळसारखी वाटू लागते. त्यांनी फोटोत बघितलेली घरं वेगळ्या उजेडातली आहेत, शिवाय मोबाईलचा पडदा स्वतः उजेड फेकतो तर भिंतीला मिळालेल्या उजेडावरच भागवावं लागतं. त्यांच्या आवडीचा राखाडी पडद्यांत, सोफ्याच्या कापडात, पुस्तकांच्या कपाटात येऊ दे. मातकट भिंतीसमोर तो फार देखणा दिसेल.

आता तुमच्या घराचा उजेड बघू. तू पाठवलेल्या नकाशावरून हॉलची खिडकी पश्चिमेला, ताईची खोली उत्तरेला, तुमची दक्षिणेला आणि स्वयंपाकघर पूर्वेला दिसतं. चार दिशा म्हणजे चार वेगळे उजेड.

उत्तरेच्या खोलीत उन्हाळ्यातलं थोडं तिरकं ऊन सोडलं तर थेट सूर्य येत नाही. येतो तो आभाळाचा उजेड, आणि तो निळसर असतो. त्या खोलीत राखाडी किंवा हिरवट झाकेचा क्रीम लावलास तर तो राखेसारखा उदास दिसेल. तिथे पिवळी किंवा पीच झाक असलेली छटा हवी. पश्चिमेच्या हॉलची गोष्ट उलटी आहे. दुपारनंतरचं ऊन स्वतःच केशरी होत जातं, त्यामुळे सकाळी सौम्य वाटणारा पिवळसर क्रीम संध्याकाळी पाचनंतर भडक होतो. हॉलला कमी पिवळी, वाळूकडे झुकणारी छटा घे. दक्षिणेच्या खोलीत हिवाळ्यात ऊन आतवर येतं. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, आणि शून्य सावलीचे दिवस येतात ते मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस. म्हणजे त्या खोलीचा उजेड वर्षभर बदलत राहणार. तिथे मधली, कोणत्याच बाजूला फार न झुकणारी छटा बरी. पूर्वेच्या स्वयंपाकघरात सकाळ सोनेरी आणि दुपार फिकी असते. डबा भरायची तुमची घाई सकाळची, म्हणून तिथे सकाळचाच उजेड धरून रंग ठरव.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघ. हॉलसमोर पर्जन्यवृक्ष आहे म्हणालीस, त्याच्या पानांतून येणारा उजेड हिरवट असणार. म्हणून हॉलच्या वाळूरंगात गुलाबीची अगदी पुसट झाक असेल तर ती हिरवट छाया सावरली जाईल. समोर लाल किंवा निळी इमारत असती तर तिचाही रंग तुमच्या भिंतीवर उतरला असता.

छटा ओळखायची कशी, ते सांगते. प्रत्येक फिक्या रंगाच्या पोटात एक झाक लपलेली असते: पिवळी, गुलाबी, हिरवट किंवा राखाडी. नुसतं शेडकार्ड बघून ती कळत नाही. कोरा पांढरा कागद घे, त्यावर चार-पाच शेडच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेव, आणि खिडकीजवळ दिवसाउजेडी बघ. पांढऱ्याच्या शेजारी आणि एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की झाक लगेच बाहेर येते. मग त्याच पट्टीच्या सगळ्यात खालची, गडद छटा बघ. फिक्या छटेच्या पोटात काय आहे ते गडद छटा उघड सांगते.

शेडच्या माहितीत एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. भिंत किती उजेड परतवते ते तो दाखवतो. शून्य म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे परिपूर्ण पांढरा. दुकानदाराला तो विचार. तुमच्यासारख्या दोन बेडरूमच्या घरात ६० च्या वरच राहा, ताईच्या खोलीत ७० च्या वर. त्याहून खाली उतरलं की दिवसा दिवे लावावे लागतील.

पट्टी निवडून झाली की लगेच वीस लिटरचा डबा आणू नको. सगळ्यात लहान डबा आण आणि चित्रकलेचा मोठा कागद घे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत लागतो त्याहून मोठा, फुल इंपिरियल. त्यावर रंगाचे दोन हात दे आणि वाळू दे. जुन्या पोपटी भिंतीवर थेट चौकोन रंगवू नको, शेजारचा पोपटी रंग डोळ्याला फसवतो. हा कागद एकेका खोलीत, एकेका भिंतीला टेकवून ठेव. सकाळी बघ, भर दुपारी बघ, दिवेलागणीला बघ आणि रात्री दिवे लावून बघ. कोपऱ्यात ठेवून बघितलंस तर दोन भिंतींचा उजेड एकमेकींवर पडून रंग किती गडद होतो तेही कळेल.

शेजारचा रंग डोळ्याला फसवतो हे मी मनाने सांगत नाही. पॅरिसच्या गोब्लाँ गालिचा कारखान्यात मिशेल शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली ग्रंथ लिहिला, आणि दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून बघतो हा नियम पुढे चित्रकारांनी शिरोधार्य मानला. तुमच्या घरात या नियमाची गाठ फरशीशी आहे. विट्रिफाइड टाइल निळसर पांढरी असेल तर तिच्याशेजारी क्रीम भिंत पिवळट, कळकट दिसते. लोक मग रंगाला दोष देतात. स्वयंपाकघरातली कोटा फरशी हिरवट राखी आहे, तिच्याशेजारी तीच भिंत थोडी गुलाबी वाटेल. म्हणून नमुन्याचा कागद फरशीवर उभा धरून बघ, दाराच्या सागवानी चौकटीशेजारी धरून बघ. फरशी आणि चौकट बदलणार नाहीत, रंगानेच त्यांच्याशी जुळवून घ्यायचं आहे. छतालाही निळसर झळाळीचा पांढरा देऊ नको, भिंतीच्याच रंगाची अगदी पुसट छटा दे.

दिव्यांचं आधी ठरव, रंगाचं नंतर. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनची निळसर पांढरी ट्यूब लागते, आणि तिच्याखाली कुठलाही उबदार रंग मरगळतो. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे दिवे लाव. ओट्यावर, अभ्यासाच्या टेबलावर ४००० चालेल. खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, तो ८० च्या वर हवाच, ९० मिळाला तर उत्तम. तो जितका जास्त तितके रंग खरे दिसतात, भिंतीचे, भाजीचे आणि माणसांचे. देवघरातली समई आणि पितळेची भांडी अशा उजेडात मातकट भिंतीसमोर कशी उजळतात ते बघशीलच.

आता ताईच्या खोलीबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाला मिळतो. ताई तर साठीच्या पुढे आहे. तिच्यासाठी भिंत फिकी हवी आणि फिनिश मॅट हवं. चकाकी असलेल्या भिंतीवर दिव्याचं प्रतिबिंब पडून डोळे दिपतात. पण सगळंच एका रंगात बुडवू नको. दाराची चौकट भिंतीपेक्षा गडद असू दे, म्हणजे रात्री उठल्यावर दार कुठे आहे ते कळेल. स्विचबोर्ड भिंतीत मिसळून जाणार नाही असा निवड. बाथरूममध्ये फरशी आणि भिंत यांच्या रंगात स्पष्ट फरक ठेव, जमीन कुठे संपते ते तिला दिसलं पाहिजे. आणखी एक गोष्ट. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. नंतर तिला सगळं अधिक उजळ आणि थोडं निळसर दिसेल, ही भिंतही आजच्यापेक्षा वेगळी वाटेल. त्यामुळे केवळ आज तिला फिकं वाटतं म्हणून गडद पिवळ्याकडे जाऊ नका.

रंग टिकतो तो खालच्या भिंतीच्या जिवावर. घर जुनं आहे, तेव्हा पहिल्यांदा ओल शोध. बाथरूमच्या पाठची भिंत, खिडक्यांच्या खालचा भाग, वरच्या मजल्याच्या नळाखालचा कोपरा. जिथे पोपडे निघाले आहेत किंवा पांढरा लोणा फुटला आहे तिथे पाणी मुरतं आहे. ते थांबवल्याशिवाय कितीही महाग रंग दिलास तरी एका पावसाळ्यात तो सोलून निघेल. नव्याने गिलावा केलास तर त्याला पाणी मारून पक्का होऊ दे आणि नंतर पुरता वाळू दे, किमान महिनाभर रंगाची घाई करू नको. ताज्या सिमेंटमधला क्षार रंगाला खातो आणि डाग पडतात. मग भेगा भरून लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, पॉलिश पेपरने घासणं, प्रायमर, आणि त्यावर रंगाचे दोन हात, हा क्रम पेंटरकडून पाळून घे. फिक्या रंगात भिंतीचे चढउतार लवकर दिसतात, त्यामुळे लांबी लावून झाली की रात्री भिंतीला लागून टॉर्च धर. कुठे खड्डा, कुठे उंचवटा ते लगेच दिसेल.

दारं, ग्रिल आणि स्वयंपाकघराच्या भिंतींवर जुना ऑइल पेंट आहे, त्याबद्दल फार सावध राहा. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं बरंच असू शकतं, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. तो रंग कोरडा घासू देऊ नको, ओला करून घासायला सांग, पेंटरलाही चांगला मास्क दे. ते काम चालू असताना पिल्लूला आणि ताईला त्या घरात नेऊच नको. धूळ ओल्या फडक्याने टिपून काढा, झाडूने उडवू नका. नवा रंग घेतानाही डब्यावर शिशाबद्दलची आणि कमी व्हीओसीची (हवेत उडणारी रसायनं कमी असल्याची) माहिती बघून घे, आणि राहायला जाण्याआधी काही दिवस खिडक्या सताड उघड्या ठेव.

फिनिशचं गणित सोपं आहे. मॅटमध्ये भिंतीचे दोष लपतात पण डाग निघायला त्रास होतो. सॅटिनला झळाळी असते आणि ती पुसता येते. हॉलमध्ये पिल्लूचे हात लागणार, तिथे धुता येईल असं हलक्या झळाळीचं इमल्शन घे, स्वयंपाकघरातही तेच. झोपायच्या खोल्यांत मॅट.

किती रंग लागेल ते स्वतः मोज. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट, उंची १० फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. दाराचे २१ आणि खिडकीचे २० वजा केले की साधारण ४०० उरतात. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते डब्यावर असतं, फक्त तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा ते नीट वाच. एका खोलीचा सगळा रंग एकदमच मिसळून घे, आणि डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून मगच लावायला सांग. नाहीतर एका भिंतीवर डबा संपतो तिथे रेघ दिसते. शेडचा नंबर आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेव, टचअपच्या वेळी कामाला येईल.

चार खोल्यांना चार छटा सुचवल्या म्हणून घर तुटक दिसेल का, असं तुझ्या मनात येईल. दिसणार नाही, कारण सगळ्या एकाच कुळातल्या आहेत. आज डब्यातला पांढरा हा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो, आणि त्याला क्रीम, बिस्कीट, वाळू करणारा अंश बहुधा आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे लोहाचाच. गेरूतही लोहच आहे आणि पिवळ्या मातीतही. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती तांबडी होते, इतकं त्यांचं रक्ताचं नातं. शिवाय हे रंग उन्हाला दाद देत नाहीत, पश्चिमेच्या भिंतीवरही भराभर विटत नाहीत. दुकानात एकाच शेडचा निम्म्या गडदपणाचा रंगही करून मिळतो. हॉलचा पूर्ण आणि पॅसेजचा निम्मा घेतलास तरी घर एका धाग्यात राहील.

कोणी म्हणेल, फिक्या भिंतींचं घर नीरस वाटतं. तसं ते वाटतं जेव्हा भिंतींसमोर काहीच नसतं. तुमच्या भिंतींसमोर ताईची पुस्तकं असतील, आजीच्या जुन्या साडीचे पडदे असतील, पिल्लूने काढलेली चित्रं असतील. भडक भिंत या सगळ्यांशी भांडत बसते आणि शेवटी तीच जिंकते. शांत भिंत त्यांना जागा करून देते. माझ्या वर्गात मुलं पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी, उरलेल्या रंगात घाईघाईने भरायची. मी त्यांना आधी पार्श्वभूमीचा विचार करायला लावायचे, कारण समोरच्या माणसाचं रूप तिच्यावर ठरतं.

तर चिमणे, हे कर. प्रत्येक खोलीसाठी दोन-तीन छटांचे कागद रंगवून तयार ठेव. ताई आली की तिला त्या त्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसव, मागे एकेक कागद धर आणि तिच्या चेहऱ्याकडे बघ. मग जावईबापूंना बसव, मग पिल्लूला. संध्याकाळी दिवे लावून पुन्हा बघ. ज्या कागदासमोर तिघंही तुला निरोगी आणि आपली वाटतील त्या कागदामागचा नंबर पेंटरला दे. शेडकार्डावरचं नाव, शेजाऱ्यांचं मत, माझंही मत, सगळं त्यानंतर. आणि पेंटरला आजच सांगून ठेव. पाऊस ओसरून भिंती सुकल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, आणि दिवाळी तोंडावर आली की चांगला माणूस मिळत नाही.

ताईला नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, पिल्लूला गोड पापा.

तुझी,
मावशी